संध्याकाळची आई

लेक: पाणी पिणार का तुम्ही, असं विचारलं तिने मला. तुम्ही, वहिनी. मी पोटची पोर तिची, आणि मला तुम्ही म्हणाली.

सून: आधी बॅग तरी खाली ठेव. केवढा प्रवास करून आलीस, दमली असशील.

लेक: मी दमलेय म्हणून ती मला ओळखत नाही होय?

सून: दुपारच्या झोपेतून उठल्या की होतं त्यांचं असं. जरा वेळ जाऊ दे.

लेक: परवा संध्याकाळी चष्म्यातून चांगली तासभर समोर बसून बोलली माझ्याशी. माझ्या गुडघ्याचं विचारलं. लॅबमध्ये ती नवी बाई आलीये ना, जिने माझ्या हातची तयार कवळी खाली पाडली, तिचं विचारलं. आता पाडत नाही ना ग काही, म्हणाली. एवढं बारीकसारीक जिच्या लक्षात राहतं, तिला पोटची मुलगी दारात उभी राहिली तर कळत नाही?

सून: केस कापलेस तू. जाडही झालीस थोडी, राग मानू नकोस. चष्म्यात तू अजून चेहरा भरून घेतलास त्या दिवशीचीच दिसतेस, ती लांब वेणीवाली.

लेक: हां. ते असेल. तेच असेल ग. रोज एक चेहरा बघायची सवय आणि समोर आलं हे भलतंच ध्यान. मग सोपं आहे. माझा चष्मा बॅगेत आहे, तिचा कुठाय? दोघी घालतो, त्या खिडकीतल्या टेबलापाशी बसतो, लगेच ओळखेल.

सून: आत्ता नको. चार्ज नसेल त्याला.

लेक: हा काय, तुझ्या शिलाई मशीनवर तर ठेवलाय. हिरवा दिवा आहे.

सून: संध्याकाळी घालू या ना. त्या वेळेला बऱ्या असतात त्या.

लेक: एका घरात असून संध्याकाळची वाट बघू? थांब. वहिनी, यातल्या काचा कुठायत?

सून: कसल्या काचा?

लेक: नंबराच्या. आईच्या डोळ्यांच्या नंबराच्या काचा मुद्दाम बसवून घेऊन पाठवला होता मी हा. त्या नसल्या तर तिला यात नुसतं धुकं दिसेल. कोणी काढल्या?

सून: ड्रॉवरमध्ये आहेत. कापडात गुंडाळून ठेवल्यात, ओरखडा नाही उठलेला.

लेक: का काढल्या, ते विचारतेय. आणि पट्टा बघ किती आवळलाय. आईचं डोकं मावेल का यात?

सून: नको नेऊस आत. ऐक माझं. घाबरतात त्या. मागे एकदा घातला तर ओरबाडून फेकून दिला. कान सोलवटला त्यांचा.

लेक: जी बाई रोज घालते, ती घाबरते?

सून: बस जरा.

लेक: मी उभी आहे तीच बरी आहे.

सून: त्या नाही घालत. उन्हाळ्यापासून नाही घातलेला त्यांनी.

लेक: मग कोण घालतं?

सून: मला नंबर नाही ग. त्या काचा असल्या की मलाच काही दिसायचं नाही. म्हणून काढल्या.

लेक: काय बोलतेयस तू?

सून: तूच सांगितलं होतंस ना, चेहरा एकदा भरला की भरला. कोणीही घालो, तुझ्यासमोर आईच येऊन बसतात. आवाजही त्यांचाच निघतो. तू पाठवलेल्या माणसाने तेव्हा दोन तास पेपर वाचून घेतला होता त्यांच्याकडून.

लेक: तिचा आवाज खोल गेला होता. मला नीट ऐकू यावा म्हणून करून घेतलं होतं मी ते. तू घालावास म्हणून नाही.

सून: माहीत आहे.

लेक: रोज? रोज तू बसत होतीस तिथे?

सून: रोज.

लेक: दादाला ठाऊक आहे हे?

सून: आईंच्या आजाराचं ठाऊक आहे. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तोच होता सोबत. हे विसरणं आता वाढतच जाणार म्हणाले. तो म्हणाला, तिला एवढ्यात सांगू नको, आत्ता कुठे तिचं बस्तान बसतंय तिकडे, सगळं टाकून धावत येईल. मग गेला ट्रक घेऊन. तो महिन्यातले चार दिवस घरी असतो. चष्म्याचं त्याला माहीत नाही. तो विचारतच नाही.

लेक: आणि तू परस्पर माझी आई होऊन बसलीस.

सून: पहिल्या दिवशी तसं मनातही नव्हतं. तुझी वेळ झाली, चष्मा वाजायला लागला, आईंनी तो फेकून दिलेला. मी म्हटलं निदान सांगावं, आज त्यांना बरं नाही. म्हणून घातला. तू समोर बसली होतीस. मला बघून हसलीस आणि म्हणालीस, आई, आज चक्क वेळेवर. इतकी वर्षं या घरात आहे मी, माझ्याकडे बघून तू तशी कधी हसली नव्हतीस. तोंडातले शब्द तोंडातच राहिले माझ्या.

लेक: माझ्या हसण्यावर ढकलू नकोस.

सून: ढकलत नाही. कसं झालं ते सांगतेय. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुझा गुडघा सुजला होता. तिसऱ्या दिवशी तुझं तिथल्या घरमालकिणीशी वाजलं होतं. रोज काहीतरी असायचंच तुझं.

लेक: मी तिला काय काय सांगितलंय. देवा. मी तुझ्याबद्दल सांगितलंय.

सून: हो, ते ऐकलं की.

लेक: म्हणजे त्या जेवणाचं...

सून: वहिनीच्या हाताला चव नाही, नुसतं उकडून ठेवते, असं म्हणालीस. आईंच्या तोंडाने मलाच म्हणावं लागलं, हो ग बाई, खरंच नाही.

लेक: हसू नकोस. मला हसू येत नाहीये.

सून: मी तरी कुठे हसतेय. त्या रात्री मीठ जास्त घातलं तेवढं.

लेक: वहिनी, तुला कळतंय का तू काय केलंस? आईने उभं आयुष्य दवाखान्याच्या टेलिफोन बोर्डावर काढलं. दिवसभर याला जोड, त्याला जोड. घरी आली की तिला कोणाचा आवाज नको असायचा. शाळेतून येऊन मी काही सांगायला लागले की कानावर उशी ठेवून पडायची. लांब गेले तर फोनवर दोन वाक्यं. जेवलीस का. ठेवते. म्हणून पाठवला चष्मा. म्हटलं, समोर बसली तर उठून कुठे जाईल? सुरुवातीला तीही हाताची घडी घालून बसायची. आणि मग उन्हाळ्यात एकदम बदलली. विचारायला लागली. ऐकायला लागली. मला बाळा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी बाळा म्हणालं मला.

सून: तिथे चुकलंच माझं. मला वाटलं, आया म्हणत असतील.

लेक: मी सगळ्यांना सांगत सुटले होते, या चष्म्याने मला माझी आई दिली म्हणून. लॅबमध्ये दोघीतिघींना घ्यायला लावले मी चष्मे. तुमच्या आयांना पाठवा, म्हटलं. बघा कशा बोलायला लागतात.

सून: बस ग आता.

लेक: ती एक संध्याकाळ. तू जाणतेस कुठली ते.

सून: जाणते.

लेक: मी नवऱ्याचं घर सोडलं, तेव्हा आईने दार लावून घेतलं होतं. चांगल्या माणसाला टाकून आलीस, माझ्या दारात उभी राहू नकोस, म्हणाली. पुढे बोलायला लागलो, तरी तो विषय आमच्यात कधी निघाला नाही. आणि त्या संध्याकाळी ती आपणहून म्हणाली, तो हात उचलायचा का ग तुझ्यावर?

सून: हो.

लेक: मी सगळं सांगितलं तिला. कोणालाच सांगितलं नव्हतं. ती ऐकत बसली. मध्ये एकदाही, पण तूच काहीतरी केलं असशील, असं म्हणाली नाही. शेवटी म्हणाली, मी विचारायला हवं होतं. चुकलं माझं. एवढ्या दोन वाक्यांसाठी मी किती वर्षं काढली ते मला ठाऊक. ते कोण बोललं, वहिनी? तिने तुला कधी सांगितलं होतं का तसं? भान असताना? तिच्या मनात होतं आणि तू नुसतं पोचवलंस, असं काही? खरं सांग. खोटं ऐकून घ्यायची ताकद नाही आता.

सून: नाही. आईंनी तसं कधी काही सांगितलं नाही.

लेक: म्हणजे तुझ्या मनाचं बोललीस. मला बरं वाटावं म्हणून.

सून: बरं वाटावं म्हणून नव्हे. ते माझं माझंच होतं. तू एकदा आली होतीस इथे, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. भर उन्हाळा होता. पाच कपडे घेऊन माझ्याकडे आलीस, म्हणालीस, वहिनी, या सगळ्यांच्या बाह्या मनगटापर्यंत करून दे. माप घेताना मी दंडाला हात लावला तर तू हात मागे घेतलास. मला कळलं ग. माप घेणाऱ्या बाईला कळतं. मी कापड जोडून बाह्या लांब करून दिल्या, शिवण दिसू नये इतक्या नीट. विचारलं नाही. धाकटी जाऊबाई नाही, बहीण नाही, नवऱ्याची बहीण. म्हटलं, आपण कशाला मध्ये पडा. तुझ्यासमोर तुझ्या आईचं तोंड घेऊन बसले तेव्हा कुठे मला विचारायचा धीर झाला.

लेक: मग त्यानंतर तरी सांगायचंस. दुसऱ्या दिवशी. कधीतरी.

सून: कसं सांगू? सांगितलं असतं तर दिलेले शब्द परत काढून घेतल्यासारखं झालं असतं. तू त्या रात्री पोटभर जेवलीस म्हणालीस, गाढ झोपलीस म्हणालीस. आणि खरं सांगू का, मलाही सोडवेना. या घरात माझ्याशी कोण बोलतं? आईंना मी कोण ते उमगत नाही. तुझा भाऊ आला की आधी झोप पुरी करतो. तू माझ्याशी एक तास बोलायचीस. आई समजून का होईना.

लेक: मग मी माझ्या आईशी शेवटचं कधी बोलले?

सून: उन्हाळ्याच्या आधी.

लेक: काय बोललो आम्ही?

सून: मी इथे मशीनवरच होते. जेवलीस का म्हणाल्या. मग चष्मा काढून माझ्याकडे दिला.

(आतल्या खोलीचं दार उघडून आई बाहेर येते.)

आई: कपडे द्यायला आलात का? बसा ना, उभ्या का? हिचं काम चोख असतं, पण दिलेल्या तारखेला मिळेल असं समजू नका.

लेक: नाही, मी सहज आले.

आई: लांबून आलेल्या दिसता. बॅग मोठी आहे.

लेक: हो. लांब असते मी.

आई: माझी धाकटीही लांब असते. दातांचं काहीतरी करते तिकडे.

लेक: येते का ती भेटायला?

आई: कुठली यायला. नवऱ्याला टाकून गेली. चांगला शांत माणूस, मोठ्याने बोललेला मी कधी ऐकला नाही. लोकांना काय सांगायचं आम्ही? मी तेव्हापासून बोलत नाही तिच्याशी.

सून: आई, चला, आत पडा जरा.

आई: थांब ग. मी या बाईंशी बोलतेय ना.

लेक: बोलू दे त्यांना, वहिनी.

आई: हिला तुम्हीही वहिनी म्हणता? गुणाची आहे तशी. कोणाची कोण ते आठवत नाही मला, पण गुणाची आहे.

लेक: तुमच्या मुलीला काही त्रास असेल तिथे.

आई: असता तर बोलली नसती का? आईला नाही सांगायचं तर कोणाला सांगायचं?

लेक: तुम्ही विचारलंत तिला?

आई: मी दिवसभर बोर्डावर असते हो. कान किटून जातात. तिने सांगायचं ना तोंड उघडून. मला काय स्वप्न पडणार आहे?

लेक: माझा नवरा मारायचा मला.

आई: अगं बाई. तुम्हाला?

लेक: हो. दंडावर, पाठीवर. कपड्याखाली जाईल अशा ठिकाणी.

आई: दिसायला तर चांगल्या घरच्या दिसता तुम्ही. तुमच्या आईला माहीत आहे हे?

लेक: नाही.

आई: सांगा हो तिला. असं मनात कोंडून ठेवू नये. आईला सांगावं.

लेक: सांगितलं तर काय म्हणेल ती?

आई: ते मी कसं सांगू? मी काय तुमची आई आहे?

लेक: तुम्ही असता तर?

आई: काहीतरीच तुमचं. ए, माझं डोकं जड झालंय. मी पडते. या बाई निघाल्या की दार ओढून घे. वारा येतो.

सून: या, हात धरा माझा. उंबरा आहे. हं. झोपा आता, मी इथेच आहे बाहेर.

लेक: झोपली?

सून: डोळे मिटलेत. ये, बस इथे. रड मोकळेपणी, त्यांना ऐकू जाणार नाही. आणि गेलं तरी कोणीतरी बाई रडतेय एवढंच वाटेल त्यांना.

लेक: तिच्या मनातला राग तेवढा जागच्या जागी आहे. मी गेले, राग राहिला. एवढं सगळं पुसलं गेलं, तर तेही पुसायचं होतं.

सून: उद्या कदाचित वेगळं बोलतील. रोज एक नसतं त्यांचं.

लेक: उद्या मी आणखी कोणीतरी असेन. वहिनी, मला सुट्टी फार नाही. रविवारी निघावं लागेल.

सून: तोवर रोज बस त्यांच्याजवळ. केस विंचरून दे. ओळख नसली तरी हात लावलेला आवडतो त्यांना.

लेक: बसेन.

सून: आणि चष्म्याचं म्हणशील, तर आता लपवाछपवी नको. मी विचार केलाय. तो माणूस बोलवू, माझा चेहरा भरून घेऊ त्यात, माझा आवाज. पेपर वाच म्हणाला तर वाचेन मीही. मग तू जाऊन लागलीस कामाला की संध्याकाळी मी मीच म्हणून येऊन बसेन. सगळं सांग मला पहिल्यासारखं. शिव्या घातल्यास तरी ऐकून घेईन.

लेक: तू फार केलंस ग माझं.

सून: म्हणजे नको.

लेक: तसं नाही.

सून: माझ्याकडे बघून सांग.

लेक: तुझा राग नाही मला. होता, मघाशी होता, आता अंगात तेवढं त्राणच नाही. पण संध्याकाळी मी कामावरून येते, दिवा लावते, चष्मा घालते, तेव्हा तिथे आई असते. ती खिडकीकडे पाठ करून बसलेली असते आणि मी आले की वळते. तेवढ्यासाठी दिवस ढकलते मी तिकडे. चेहरा बदलू नकोस, वहिनी.

सून: सगळं माहीत असून?

लेक: माहीत असून.

सून: आत त्या जिवंत आहेत अजून. तुझ्याशी बोलल्या आत्ता.

लेक: ऐकलंस ना काय बोलली ते.

सून: ऐकलं.

लेक: जमेल तुला?

सून: न जमायला काय. इतके दिवस केलंच की. पट्टा आवळलेलाच आहे.

लेक: रागावलीस?

सून: नाही ग. मी कशाला रागावू. फक्त एक कर. अधूनमधून आईला विचारत जा, वहिनी कशी आहे म्हणून.